विंगेतून पाहिलेला मॅकबेथ

'मॅकबेथ' मी आधी ऐकलं आणि मग वाचलं. सांगलीत आमच्या हौशी संस्थेनं ते पहिल्यांदा बसवलं तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि प्रॉम्प्टिंग करत होते. डाव्या विंगेत एक स्टूल, मांडीवर आमच्या दिग्दर्शक सरांची जाड वही, हातात बॅटरी. प्रॉम्प्टरला नाटक अर्धंच दिसतं, ऐकू मात्र सगळं येतं. कुणाचा श्वास कुठे तुटतो, कुणाला कोणतं वाक्य मनातून पटलेलं नाही, हे त्या स्टुलावर बसून फार लवकर कळतं.

संहिता सरांची स्वतःची होती. आधीच्या मराठी रूपांतरांपैकी शि. म. परांजप्यांचं 'मानाजीराव' त्यांच्याकडे होतं. शिरवाडकरांच्या १९५४ सालच्या 'राजमुकुट'वर तर त्यांचं प्रेम होतं. पण त्यांना ओळीगणिक मुळाजवळ राहणारी संहिता हवी होती. म्हणून दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या घालवून त्यांनी नवं भाषांतर केलं, निळ्या शाईत, गोल अक्षरात. हे नाटक पुढे आणखी दोनदा माझ्या वाट्याला आलं. एकदा मी लेडी मॅकबेथ केली. नंतर, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, मी ते दिग्दर्शित केलं. त्या तिसऱ्या वेळी सरांची वही माझ्या हातात कशी आली, ते मला सांगायचं आहे. नाटकानं मला जे शिकवलं, त्यातलं बरंचसं त्या एका गोष्टीतून कळलं.

१. चेटकिणींनी खुनाचा शब्दही काढलेला नाही

पहिल्या वाचनाला आमच्या मॅकबेथनं चेटकिणी पाहून जोरात दचकून दाखवलं. सरांनी विचारलं, "का दचकलास?" तो म्हणाला, "भयंकर दिसतात म्हणून." सर म्हणाले, "तुझा मित्र बँकोही तुझ्या शेजारीच उभा आहे. तोही पाहतोय. मग तू दचकलास हे बँकोला नवल का वाटतं? इतकं शुभ ऐकून घाबरलास का, असं तो तुला का विचारतो?"

कुणालाच उत्तर सुचलं नाही. सरांनी मग चेटकिणींचं बोलणं फळ्यावर लिहिलं. ग्लॅमिसचा सरदार, कॉडरचा सरदार, पुढे राजा. ग्लॅमिस तो वारशानं आहेच. कॉडरची सरदारकी राजा डंकननं त्याला आदल्याच प्रवेशात देऊन टाकली आहे, फक्त निरोप पोहोचायचा आहे. म्हणजे एक झालेली गोष्ट, एक होत असलेली आणि एक व्हायची. यात कुणाला मारावं लागेल असं कुणीही म्हणालेलं नाही. ते मॅकबेथ स्वतःच्या मनात ऐकतो आणि स्वतःच्याच विचाराला दचकतो.

बँकोलाही त्याच चेटकिणींनी आमिष दाखवलं आहे. तुझे वंशज राजे होतील, असं त्यालाही सांगितलं आहे. त्याच्याही मनात ते घोळतं, रात्री तो झोपायला धजत नाही. पण तो तलवार उचलत नाही. उलट मित्राला सावध करतो की अशा शक्ती किरकोळ बाबतीत खरं बोलून विश्वास मिळवतात आणि मोठ्या बाबतीत बुडवतात.

सर त्या दिवशी म्हणाले, "चेटकिणींना दोष देणारा मॅकबेथ मला नको. बी त्याच्याकडेच होतं, त्यांनी फक्त पाऊस पाडला." इच्छा मनात येणं हा गुन्हा आहे असं मात्र त्यांना वाटत नव्हतं. पराक्रमी माणसाला राजा व्हावंसं वाटलं तर त्यात काय, असंच ते म्हणायचे. त्यांची नजर पुढच्या क्षणावर असायची. मनात आलेल्या गोष्टीकडे माणूस पाहतो की तिच्यावर पांघरूण घालतो, हे ते बघायचे.

२. त्याला सगळं दिसत होतं

महत्त्वाकांक्षा माणसाला आंधळं करते, असं आपण सहज बोलून जातो. या नाटकाशी इतकी वर्षं घालवल्यावर मला ते पटत नाही. मॅकबेथला सगळं दिसतं. नाटकातल्या इतर कुणापेक्षाही त्याला जास्त स्वच्छ दिसतं.

पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशात आत मेजवानी चालू आहे. डंकन जेवतो आहे आणि मॅकबेथ उठून बाहेर आला आहे. तो एकटाच हिशेब मांडतो. मी याचा नातलग आहे. मी याची प्रजा आहे. आज तो माझ्या घरी पाहुणा आहे, म्हणजे मारेकऱ्याला अडवण्यासाठी दार लावून घेणं हे माझं काम. सुरी मी कशी धरू? शिवाय हा राजा मवाळ आहे, त्यानं सत्तेचा गैरवापर केलेला नाही, त्याच्या मृत्यूनं सारा देश हळहळेल. दुसऱ्या पारड्यात टाकायला त्याच्याकडे एकच गोष्ट उरते, उंच उडी घेऊ पाहणारी आणि पलीकडे जाऊन आपटणारी हाव. ती किती हलकी आहे हेही त्यालाच कळतं. बायको बाहेर येते तेव्हा तो तिला सांगतो की हा विषय आता इथेच थांबला.

आमचा नट त्या वाक्याला हमखास अडखळायचा. मी विंगेतून शब्द द्यायचे, तो घ्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच अडायचा. पाठांतर कच्चं आहे असं मला वाटलं. सर म्हणाले, "त्याला वाक्य आठवतंय, पण ते खरं वाटत नाहीये. पुढे खून आहे हे त्याला ठाऊक आहे ना! या क्षणी नाटक थांबू शकतं, सगळे वाचू शकतात, असं त्याला वाटलं पाहिजे. तोवर ते वाक्य तोंडात बसणार नाही." आणि तसंच झालं. ज्या दिवशी त्यानं ते खरोखर सुटकेचा श्वास टाकून म्हटलं, त्या दिवशी मला शब्द द्यावा लागला नाही.

शेक्सपिअरनं इथे काय केलं आहे, ते मला फार नंतर, इतिहास वाचल्यावर उमगलं. खराखुरा मॅकबेथ अकराव्या शतकातला. १०४० साली डंकन त्याच्याशी झालेल्या लढाईत पडला, झोपेत नाही. तो डंकन काही म्हातारा नव्हता. त्यानंतर मॅकबेथनं १०५७ पर्यंत, म्हणजे सतरा वर्षं राज्य केलं आणि मधे रोमची यात्राही केली. शेक्सपिअरच्या हाताशी होता हॉलिनशेडचा बखरवजा ग्रंथ. त्यात डंकन ढिला राज्यकर्ता आहे, गादीबाबत मॅकबेथची तक्रार काहीशी रास्त आहे, बँको कटात सामील आहे, आणि राजा झाल्यावर मॅकबेथ दहा वर्षं चांगला कारभार करतो. नाटककारानं यातल्या सगळ्या सबबी एकेक करून काढून घेतल्या. डंकनला वृद्ध आणि सालस केलं. ती दहा वर्षं पुसली. बँकोला निर्दोष ठेवण्यामागे दुसरंही कारण होतं. १६०३ मध्ये इंग्लंडच्या गादीवर आलेला जेम्स राजा स्वतःला बँकोचा वंशज मानत होता. पण परिणाम एकच झाला. मॅकबेथपाशी स्वतःला सांगण्यासारखं एकही कारण उरलं नाही, आणि तरीही तो जिना चढला. मला या नाटकात सर्वांत भीती वाटते ती याची. बाकी रक्त, भुतं, घुबडं हे सगळं त्याच्या मागून येतं.

३. त्याच्या एकाही मुद्द्याला मी उत्तर देत नव्हते

लेडी मॅकबेथ करायला मिळाली तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. भूमिकेचा दरारा एवढा की पहिले पंधरा दिवस मी नुसती आवाज चढवत होते. सरांनी मला एका संध्याकाळी बसवून घेतलं आणि विचारलं, "तो म्हणतो, डंकन पाहुणा आहे. तू काय उत्तर देतेस?"

मी वही चाळली. उत्तर नव्हतं. तो म्हणतो, मी नातलग आहे; याला उत्तर नाही. तो चांगला राजा आहे, यालाही नाही. ती एवढंच म्हणते की तू मर्द आहेस की नाही? शब्द दिला होतास तो मोडतोस? मी असते तर अंगावर पिणारं पोरदेखील भिंतीवर आपटलं असतं. आणि मग ती बेत सांगते. पहारेकऱ्यांना दारू पाजू, खुनाचा आळ त्यांच्यावरच टाकू. तिथे तो प्रश्न बदलतो. हे करावं का, असं तो आता विचारत नाही. हे जमेल का, असं विचारतो. तेवढ्यानं सगळं फिरतं.

पुढे शाळेत आणि संस्थेत मी हे अनेकदा होताना पाहिलं. 'योग्य आहे का' हा प्रश्न टेबलावर असतो. कुणीतरी हळूच 'कसं करायचं' याची यादी पुढे सरकवतं आणि पहिला प्रश्न कुणी न उचलता तसाच मागे पडतो. त्याचं खंडन कुणी केलेलंच नसतं.

मर्दानगीच्या त्या टोमण्याला मॅकबेथकडे उत्तर होतं. माणसाला शोभेल तेवढं सगळं करायची माझी तयारी आहे, त्याहून अधिक करायला धजतो तो माणूसच नव्हे, असं तो आधी म्हणतो. नाटकातलं हे सर्वांत शहाणं वाक्य त्याच्या तोंडी आहे. आणि तिसऱ्या अंकात बँकोला मारायला दोन माणसं बोलावतो तेव्हा त्यांना कसं तयार करतो? बायकोनं त्याला जसं केलं तसंच. तुम्ही स्वतःला माणसं म्हणवता, पण कुत्र्यांतही जाती असतात, दाखवा तुमची जात! ज्या हत्यारानं तो घायाळ झाला, तेच त्यानं दुसऱ्यावर चालवलं. चौथ्या अंकात सरदार मॅकडफला कळतं की बायको-मुलं मारली गेली. डंकनचा मुलगा माल्कम त्याला म्हणतो, मर्दासारखं सोस. मॅकडफ म्हणतो, सोसेन, पण मला ते माणसासारखं आधी वाटू तर दे. आमचा मॅकडफ हे म्हणताना रंगमंचाच्या मधोमध खाली बसायचा. त्या जागी प्रेक्षागृहात कुणी खोकलंही नाही, हे मी स्वतः ऐकलेलं आहे.

४. नरो वा कुंजरो वा

आता माझी गोष्ट.

तिसऱ्यांदा हे नाटक स्पर्धेसाठी करायचं ठरलं तेव्हा दिग्दर्शन सरच करणार होते. तालमी सुरू व्हायच्या आधी त्यांना कावीळ झाली. मी त्यांच्या घरी गेले. उसाचा रस, पथ्य, पिवळे पडलेले डोळे. पण ते उमेदीत होते. म्हणाले, "तीन आठवड्यांत उठतो. तोवर तू वाचनं घेऊन ठेव." आणि वही मला दिली.

त्याच आठवड्यात कार्यकारिणीची बैठक झाली. अध्यक्षांनी विचारलं, "सर कधीपर्यंत उभे राहतील?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण त्यांना भेटून आलेली मीच होते. मी म्हणाले, "काविळीचं काही सांगता येत नाही."

वाक्य खोटं नव्हतं. काविळीचं कुणालाच सांगता येत नाही. पण तीन आठवडे हा शब्द मी उच्चारला नाही. बैठकीत थोडा वेळ शांतता झाली आणि मग कुणीतरी म्हणालं, "मग तूच का बसवत नाहीस? तुला नाटक पाठ आहे." मी आढेवेढे घेतले. दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा हो म्हणाले. घरी येताना मला आनंद झाला होता, हे मी लपवणार नाही.

लहानपणी आजीकडून ऐकलेल्या भारतात युधिष्ठिर अश्वत्थामा मेला असं मोठ्यानं म्हणतो आणि माणूस की हत्ती ते पुटपुटतो. त्याचा रथ तोवर जमिनीवर चार बोटं अधांतरी चालायचा, तो त्या क्षणी खाली टेकला. 'मॅकबेथ'मध्ये याच पापाचा माणूस नरकाच्या दारात उभा आहे. डंकनचा खून झाल्यावर दार ठोठावलं जातं आणि दारवान झिंगलेल्या अवस्थेत स्वतःला नरकाचा द्वारपाल समजून एकेकाला आत घेतो. त्यात तराजूच्या दोन्ही पारड्यांत शपथ घेणारा एक दुटप्पी बोलणाराही आहे. नाटक १६०६च्या सुमाराचं. ५ नोव्हेंबर १६०५ रोजी पार्लमेंटखाली दारूगोळा सापडला होता. त्या प्रकरणात हेन्री गार्नेट या जेझुइट पाद्र्यावर १६०६ मध्ये खटला चालून त्याला फाशी झाली. खटल्यात त्याच्या अशाच दुअर्थी बोलण्याची चर्चा झाली होती. लंडनच्या प्रेक्षकांच्या कानांवर तो शब्द ताजा होता. चेटकिणीही पुढे असंच बोलतात. बाईच्या पोटी जन्मलेला कुणी तुला मारणार नाही, बर्नमचं रान चालून येईपर्यंत तू हरणार नाहीस. शब्दाला शब्द खरा. मॅकडफ आईचं पोट चिरून काढलेला निघतो आणि सैनिक झाडांच्या फांद्या तोडून हातात धरून येतात.

दारवानाच्या प्रवेशाला प्रेक्षक हसतात. हसावंच, त्यासाठीच तो आहे. पण त्या वर्षीच्या तालमींत तो प्रवेश मी घाईनं उरकायचे. त्या वेळी कारण मला कळत नव्हतं. खरं तर कळत होतं.

५. पहिला खून विंगेत, तिसरा उजेडात

मॅकबेथनं केलेल्या आणि करवलेल्या खुनांमध्ये तो कुठे उभा आहे, एवढंच नीट पाहिलं तरी सारं नाटक समजतं. डंकनला तो स्वतःच्या हातानं मारतो. शेक्सपिअर तो खून रंगमंचावर दाखवत नाही. आपल्याला दिसतो तो परत आलेला माणूस, रक्तानं माखलेले हात घेऊन. पहारेकऱ्यांच्या सुऱ्या तिथेच ठेवायच्या होत्या, त्या तो तशाच घेऊन आला आहे. आत कुणी प्रार्थना पुटपुटली तेव्हा त्याला 'आमेन' म्हणता आलं नाही, याचंच त्याला नवल वाटतं आहे. आपण झोपेचाच खून केला, असा आवाज त्याला ऐकू आला आहे. समुद्राच्या पाण्यानंही हात धुतले जाणार नाहीत, असं त्याला वाटतं. हा माणूस अजून जिवंत आहे. त्याला दुखतं आहे.

बँकोच्या वेळी तो दूर आहे. मारेकरी पाठवतो आणि मेजवानीला बसतो. तरीही भूत येतं आणि नेमकं त्याच्याच खुर्चीत बसतं. ज्या जागेसाठी सगळं केलं, ती जागा भरलेली दिसते. मी बसवलं तेव्हा ती खुर्ची रिकामी ठेवली आणि तिच्यावर फक्त एक पांढरा झोत टाकला. भूत मॅकबेथला एकट्यालाच दिसतं, मग प्रेक्षकांना कशाला दाखवायचं? बँको करणारा नट माझ्यावर रागावला. तो प्रवेश गेल्याचं त्याचं दुःख मला समजत होतं.

तिसऱ्यांदा मॅकडफच्या बायको-मुलांचा जीव जातो. त्यांनी मॅकबेथचं काहीही बिघडवलेलं नाही. त्यांच्या मरणानं त्याला काही मिळणार नाही. मॅकडफ तर आधीच इंग्लंडला निसटला आहे. मॅकबेथ तिथे नाही. पाठवलेल्या माणसांना नावंही नाहीत. आणि हा खून मात्र उघड्या रंगमंचावर आहे. आईशी लाडात वाद घालणारं मूल आपल्या डोळ्यांसमोर भोसकलं जातं. ही आज्ञा देण्याआधी मॅकबेथ ठरवतो की इथून पुढे मनात आलं की हातानं करायचं, मधे विचाराला जागा ठेवायची नाही.

पहिल्या खुनाच्या वेळी विचार आणि हात यांच्यामध्ये एक अख्खं स्वगत होतं, बायकोशी झालेला वाद होता, हवेत तरंगणारा खंजीर होता. चौथ्या अंकात तिथे काहीही उरलेलं नाही. माझ्या मते या माणसाचा ऱ्हास मोजायचा तर तो या अंतरात मोजावा. मुडद्यांची संख्या वाढली म्हणून तो वाईट झाला, हे वरवरचं झालं. आत ज्याच्याशी तो वाद घालत असे त्याला त्यानं हाकलून दिलं, म्हणून मुडदे वाढले.

६. जोडीदार

नवरा-बायको म्हणून हे दोघं एकमेकांवर फार प्रेम करतात, असं मी नेहमी मानत आले. पहिल्या अंकातल्या पत्रात तो तिला वैभवातली आपली लाडकी भागीदार म्हणतो. बातमी मिळताच आधी तिला लिहितो. तिसऱ्या अंकात बँकोबद्दल ती विचारते तेव्हा तो लाडानं सांगतो की तुला कळलंच नाही तर बरं, झाल्यावर वाहवा कर. ती भूमिका करताना मला तिथे पोटात खड्डा पडायचा. ज्या कामासाठी तिनं स्वतःचं बाईपण नाकारलं, त्या कामानं तिला घराबाहेर काढलं. मेजवानीनंतर ती दिसते ती थेट पाचव्या अंकात, झोपेत चालताना. शेजारी सतत दिवा लागतो, कारण अंधार सोसत नाही. खुनाच्या रात्री थोड्या पाण्यानं सगळं निघेल म्हणणारी तीच ही बाई, आता हात चोळते आहे. शेक्सपिअरनं तिथे तिची कविताही काढून घेतली आहे, ती तुटक गद्यात बोलते. सरांनी वहीत त्या पानावर समासात लिहिलं होतं, 'हळू. हिला कुणी ऐकत नाही असं समजून.' मी तसंच केलं. त्या रात्री घरी आल्यावर साबण हातात घ्यायला मला बराच वेळ लागला.

७. मुंबई आणि जपान

विद्यार्थी विचारतात म्हणून थोडक्यात. कुरोसावानं १९५७ साली 'थ्रोन ऑफ ब्लड'मध्ये हीच कथा जपानी सरंजामी काळात नेली. तिथे नायकाला त्याचेच सैनिक बाणांनी टिपतात. विशाल भारद्वाजच्या 'मकबूल'मध्ये ती मुंबईच्या गुन्हेगारी जगात येते आणि चेटकिणींच्या जागी दोन पोलीस कुंडली मांडतात. इरफान खान आणि तब्बू यांनी त्यात जे केलं आहे, ते पाहताना मला सरांची फार आठवण आली. राजा बदलला, देश बदलला, तरी ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या उशाशी उभं राहण्याचा तो क्षण कुठेही तसाच अंगावर येतो.

८. लोंबणारा झगा

पाचव्या अंकात एक सरदार मॅकबेथबद्दल म्हणतो की राजपद त्याच्या अंगावर लोंबतं आहे, राक्षसाचा झगा एखाद्या खुज्या चोरानं घालावा तसं. आणि खुद्द मॅकबेथ म्हणतो की म्हातारपणी जे सोबत असावं, म्हणजे मान, माया, मित्रांचा गोतावळा, ते मला मिळणार नाही. तोंडदेखले शब्द तेवढे मिळतील. बायको गेल्याची बातमी येते तेव्हा त्याला रडूही येत नाही. एके काळी रात्री किंकाळी ऐकली की अंगावर काटा यायचा, हेही त्याला आठवतं, पण आठवण म्हणून. उद्या, मग पुढचा उद्या, असे दिवस सरपटत जाताना त्याला दिसतात आणि कशातच अर्थ दिसत नाही. ज्याच्याकडे इतकी समृद्ध भाषा होती, त्याच्यावर ही पाळी आलेली मला बघवत नाही. त्याला मारलं जातं तेव्हा मला हायसं वाटतं आणि त्याच वेळी वाईटही वाटतं. दोन्ही एकाच वेळी वाटलं नाही तर प्रयोग फसला, असं सर म्हणायचे.

सर चौथ्या आठवड्यात उठले. आले, तालीम पाहिली, बाकावर बसले. मी सगळ्यांसमोर त्यांना विचारलं, "तुम्ही घेता का पुढे?" ते म्हणाले, "नको, आता तुझं झालंय." मी एवढ्या जणांसमोर विचारलं, कारण ते नाही म्हणतील हे मला माहीत होतं.

प्रयोगाला ते तिसऱ्या रांगेत होते. संपल्यावर रंगमंचावर न येता ते मागच्या दारानं विंगेत आले, जिथे माझं जुनं स्टूल होतं. मी त्यांच्या हातात वही दिली. घसा कोरडा पडला होता. म्हणाले, "सर, त्या बैठकीत मी..." त्यांनी मान हलवली. "मला तेव्हाच कळलं होतं. अध्यक्ष भेटायला आले होते." एवढंच. मग स्टुलावर बसून त्यांनी वही उघडली आणि पानं मागे घेत पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशापाशी थांबले. प्रयोग लांबतो म्हणून मी तिथे पेन्सिलीनं काट मारली होती. नातलग, प्रजा, पाहुणा, तो सगळा हिशेब. मॅकबेथ सरळ बाहेर येतो आणि बायको त्याला गाठते, असं मी केलं होतं. वेग छान आला आहे, असं सगळे म्हणत होते.

"हे का काढलंस?"

"वेळ वाचवायला."

त्यांनी खिशातलं पेन काढलं. माझ्या पेन्सिलीच्या रेघेशेजारी समासात निळ्या शाईनं लिहिलं, 'ठेवावे.' खाली तारीख घातली, वही मिटली आणि परत माझ्या हातात दिली. दुसऱ्या प्रयोगाला नाटक सहा मिनिटांनी लांबलं.